मळ्यातल्या विहिरीत नायट्रेट किती असेल? तपासणीआधी अंदाज कसा बांधायचा

सांगली-साताऱ्याकडे गावठाण सोडून मळ्यात राहणारी कुटुंबं भरपूर आहेत. गावात नळयोजना असली तरी वस्तीवर पिण्याचं पाणी बऱ्याचदा आपल्याच विहिरीचं किंवा बोअरचं. नळयोजनेच्या पाण्याचे नमुने ठरलेल्या वेळी तपासले जातात. खाजगी विहिरीकडे कुणी बघत नाही, ते घरातल्यांनीच बघायचं. आणि नायट्रेटला, म्हणजे खत, शेण, मूत यांतल्या नत्रापासून (नायट्रोजनपासून) बनणाऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या क्षाराला, रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं, डाळ व्यवस्थित शिजते, आणि तरीही त्यात मर्यादेच्या दुप्पट नायट्रेट असू शकतं.

भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि दुसरा स्रोत नाही म्हणून या मर्यादेत सूट मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत ४५ ची मर्यादा ओलांडलेली होती, महाराष्ट्रात ३५ टक्क्यांहून जास्त. म्हणजे हा प्रश्न कुठल्या तरी लांबच्या मुलखातला म्हणून सोडून देता येत नाही.

सगळ्यात मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. वरच्या दुधात किंवा पावडरच्या दुधात हे पाणी गेलं, तर नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. ओठ, नखं निळसर पडतात. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध पहिल्यांदा डॉक्टरांनी मांडला, आणि आजची मर्यादा मुळात या बाळांसाठीच आखलेली आहे. आपल्याकडे बाळाचं पाणी उकळून देण्याची चांगली सवय आहे. जंतूंसाठी ती योग्यच, पण नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. ही एक गोष्ट घरातल्या आजीला आणि बाळंतिणीला आजच सांगा, बाकीचा लेख मग वाचा.

आता मूळ काम. प्रयोगशाळेत नमुना देण्याआधी आपल्या विहिरीचा अंदाज का बांधायचा? कारण नमुना कधी घ्यायचा, कुठल्या विहिरीचा आधी घ्यायचा, एकदा चांगला अहवाल आला तर त्यावर किती विसंबायचं, हे सगळं अंदाजावरून ठरतं. संशोधक संगणकावर हेच करतात. हजारो विहिरींची खोली, माती, आजूबाजूची शेती, जनावरं यांची माहिती घालून कुठल्या विहिरीत नायट्रेट जास्त असण्याची शक्यता आहे ते काढतात. तुमच्याकडे विहीर एकच आहे, पण तिच्याभोवतीचं जेवढं तुम्हाला ठाऊक आहे तेवढं कुठल्याच नकाशात नाही.

तीन प्रश्न विचारायचे. जमिनीवर नत्र किती पडतं? तिथून पाण्यापर्यंत वाट किती मोकळी आहे? आणि खाली गेल्यावर ते टिकतं का?

पायरी १ : विहिरीची माहिती लिहून काढा

एक वही करा. विहीर की बोअर, खोली किती फूट, बांधकाम कुठपर्यंत, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात घातलेला पाइप) किती फूट घातलंय. पाणी किती खाली लागतं ते दोरीला वजन बांधून मोजा, मे महिन्यात एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा. पाणी जितकं वर, तितका नायट्रेटचा प्रवास कमी. म्हणून पावसाळ्यानंतर काठाजवळ पाणी येणारी विहीर जास्त जपावी लागते.

कठडा आहे का? पावसाचं किंवा पाटाचं पाणी थेट विहिरीत उतरतं का? ज्या विहिरीच्या तोंडाशी रानातलं पाणी शिरतं, तिच्याबाबतीत पुढचं गणित करायचीही गरज नाही, ती थेट जास्त धोक्याच्या रांगेत.

बोअर खोल आहे म्हणून पाणी शुद्ध, हा समज फार पक्का बसलाय. तो अर्धाच खरा. आपल्याकडचा खडक काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांतून आणि दोन थरांमधल्या सांध्यांतून फिरतं. २५० फुटांच्या बोअरला केसिंग जर वरच्या २० फुटांनाच असेल, तर ४० फुटांवरच्या भेगेतलं उथळ पाणी बोअरच्या भिंतीवरून खाली ओघळत राहतं. खोली २५० फूट असली तरी पाणी शेजारच्या विहिरीचंच. केसिंगच्या बाहेरची पोकळी सिमेंटने किंवा चिकणमातीने भरली होती का, हे बोअर मारताना जो हजर होता त्याला विचारा.

पायरी २ : वर किती नत्र पडतं ते मोजा

यावर थोडा वेळ घालवा, कारण अंदाज इथेच बनतो किंवा बिघडतो.

विहिरीभोवती साधारण दोनशे फुटांचा पट्टा धरा, चढाच्या बाजूला मात्र त्याहून बराच लांबपर्यंत बघा. त्यात उभं पीक काय आणि त्याला नत्र किती? आडसाली उसाची (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या, सुमारे दीड वर्षाच्या उसाची) शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी सुमारे १६०. नुसत्या युरियातून द्यायचं म्हटलं तर ४५ किलोच्या जवळपास आठ गोण्या. सुरू उसाला (उन्हाळ्याआधी लावलेल्या, वर्षभराच्या) आणि खोडव्याला (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेल्या) हेक्टरी २५०. प्रत्यक्षात बरेच जण शिफारशीच्या वर टाकतात, तेव्हा कागदावरचा आकडा न धरता दुकानाच्या पावत्या बघा. युरियात ४६ टक्के नत्र असतं, डीएपीमध्ये १८ टक्के.

सगळं नत्र खाली जात नाही. पीक घेतं, काही हवेत उडतं, काही मातीत राहतं. पण खाली जायला किती पुरतं ते बघा. २० फूट व्यासाच्या विहिरीत १५ फूट पाणी असेल तर ते साधारण १ लाख ३३ हजार लिटर होतं. एवढं पाणी शून्यावरून ४५ मिलिग्रॅमपर्यंत न्यायला ६ किलो नायट्रेट पुरतं, म्हणजे १.३५ किलो नत्र. म्हणजे तीन किलो युरिया. विहिरीत सतत नवं पाणी पाझरत असल्याने प्रत्यक्षातलं गणित इतकं सरळ नसतं, पण एका एकराला आठ गोण्या पडतात तिथे तीन किलो म्हणजे काहीच नाही, एवढं यावरून कळतं.

आता गोठा. माझ्या मते आपल्या भागात अंदाज चुकतो तो याच ठिकाणी, कारण लोक नायट्रेट म्हटलं की रासायनिक खताकडे बोट दाखवतात आणि शेणखताला निर्धोक मानतात. एका दुभत्या जनावराच्या शेणमुतात वर्षाला ढोबळमानाने ४० ते ६० किलो नत्र असतं. सहा जनावरं धरली तर २५० ते ३५० किलो, आणि तेही एखाद्या गुंठ्याच्या जागेवर. उसातलं नत्र एकरभर पसरतं आणि पीक ते खातं. गोठ्याच्या मुताचं डबकं आणि उघडा उकिरडा यांच्याखाली मात्र ते खाणारं कुणीच नाही. त्यातलं बरंच रानात जातं, काही उडून जातं, तरी उरलेलं सरळ मुरतं. उकिरडा विहिरीपासून किती पावलांवर आहे आणि चढावर आहे की उतारावर, हे वहीत ठळक लिहा. कोंबड्यांची शेड असेल तर कोंबडखताचा ढीगही याच हिशेबात धरा.

शौचालयाचा शोषखड्डा छोटा वाटतो. माणशी वर्षाला साधारण ३ ते ४ किलो नत्र, पाच माणसांच्या घराचं १५ ते २० किलो. वस्तीवर घरं दाटीने असतील तर तेवढंही पुरे. विहीर आणि खड्डा यांच्यात १५ मीटर अंतर ठेवा असं सांगितलं जातं, ते मुख्यतः जंतूंसाठी. जंतू मातीत गाळले जातात, मरतात. नायट्रेट विरघळलेलं असतं, ते पाण्याबरोबर चालत राहतं.

तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागांत ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट दिलं जातं. युरियाचं नायट्रेट व्हायला काही दिवस लागतात, ही खतं आधीच नायट्रेट आहेत. थोडं थोडं दिलं तर वेल ते उचलतो. देऊन झाल्यावर जास्त पाणी सुटलं, तर खत मुळांखाली निघून जातं.

पायरी ३ : खाली जायची वाट बघा

युरियाचं आधी अमोनियम होतं, मग नायट्रेट. अमोनियमचा कण मातीच्या कणाला चिकटतो, नायट्रेट चिकटत नाही. त्यामुळे पाणी जिकडे जाईल तिकडे नायट्रेट. म्हणून जमिनीचा पोत आणि पाणी देण्याची पद्धत बघायची.

मुरमाड, हलकी जमीन असेल तर पाणी झपकन खाली जातं. जत, आटपाडी, खानापूर, माण, खटाव इकडे अशी जमीन मोठ्या पट्ट्यात आहे. तिथे पूर्वी पाऊसही कमी, खतही कमी, त्यामुळे वाट मोकळी असूनही खाली जायला फारसं काही नव्हतं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी या सिंचन योजनांचं पाणी जिथे पोचलं तिथे हे चित्र बदललं. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस, डाळिंब, द्राक्ष उभं राहिलं, आणि खत आणि पाणी दोन्ही वाढलं. अशा गावात पाणी यायच्या आधीचा एखादा चांगला अहवाल घरात पडून असेल, तर त्यावर विसंबू नका. तुमची विहीर तीच असली तरी तिच्यावरचं रान आता वेगळं आहे.

कृष्णा-वारणाकाठची काळी जमीन उलट स्वभावाची. भिजली की घट्ट होते, पाणी सावकाश सोडते. पण उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, आणि वळवाचा पहिला पाऊस किंवा पाटाचं पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरतं. काळी जमीन म्हणून निर्धास्त राहू नका, विशेषतः बांधणीच्या (उसाला मातीची भर देतानाच्या) खताच्या डोसनंतर लगेच भरपूर पाणी दिलं जात असेल तर. मिरज, वाळवा, पलूसकडे जिथे जमिनी क्षारपड झाल्यात, तिथे पाणी आधीच वर आलंय. वरच्या थरातलं काहीही पाण्यात मिसळायला अंतरच उरलेलं नाही.

महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरात पाऊस प्रचंड, महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढे. तिथे खताचा वापर एकूणात कमी आणि पावसाने पातळ होणं जास्त, त्यामुळे धोका सहसा कमी. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांखालचा झरा असेल तर मात्र तपासावा.

उतार शोधायला ओढा कुठे वाहतो ते बघा. उथळ भूजल बहुतेक करून जमिनीच्या उतारानेच ओढ्याकडे सरकतं. विहिरीच्या चढाच्या अंगाला गोठा, तर वाईट. उताराच्या अंगाला गोठा, तर तितकं नाही, पण विहिरीवर मोटर तासन्‌तास चालत असेल तर ती उताराच्या बाजूचं पाणीही ओढून घेते.

पायरी ४ : खाली गेलेलं टिकतं का

जमिनीखाली जिथे हवा पोचत नाही तिथे काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन निघून जातो. अशा पाण्याला बऱ्याचदा लोहाची चव असते, भांड्यावर तांबूस डाग पडतात किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. असं पाणी पिण्यास चांगलं असं मुळीच नाही, पण त्यात नायट्रेट कमी असण्याची शक्यता मोठी. उघड्या विहिरीचं खेळतं, ताजं पाणी चवीला गोड लागतं, आणि नायट्रेट टिकतं ते तिथेच.

पायरी ५ : अंदाज कागदावर मांडा

अहवाल येण्याआधी वहीत एक आकडा लिहा : १० च्या आत, १० ते ४५, की ४५ च्या वर. माणसाचा हात न लागलेल्या भूजलात नायट्रेट सहसा १० च्या आत असतं, म्हणून खालची रेघ तिथे.

समजा, वाळवा तालुक्यातली एक विहीर आहे. ३५ फूट खोल, दिवाळीला पाणी १० फुटांवर. भोवती दोन एकर आडसाली, पाटाने पाणी. चढाच्या अंगाला चाळीस पावलांवर सहा जनावरांचा गोठा आणि उघडा उकिरडा. वर नत्र भरपूर, वाट मोकळी, पाणी वर. इथे मी ४५ च्या वर लिहीन आणि त्या घरात लहान बाळ असेल तर अहवालाची वाटही बघणार नाही, बाळाचं पाणी दुसरीकडून आणायला सांगेन.

आता दुसरी, खटावची. ६० फूट खोल, भोवती जिरायत ज्वारी-हरभरा, गोठा उताराला, घर एकच. इथे १० ते ४५. मुरूम मोकळा आहे म्हणून खालच्या रांगेत टाकायला मन धजत नाही.

तिन्ही प्रश्नांपैकी एकाचं उत्तर माहीत नसेल तर वाईट बाजू धरा. फसवा आकडा लिहून समाधान मानण्यापेक्षा एक जास्तीचा नमुना परवडतो.

पायरी ६ : नमुना द्या

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांत शुल्क भरून खाजगी विहिरीचा नमुना देता येतो. गावात जलजीवन मिशनचा पाणी तपासणी संच असतो आणि तो वापरायचं प्रशिक्षण घेतलेल्या महिलाही असतात. त्या संचातल्या रंग-चाचणीवरून ढोबळ कल्पना येते. अंदाज १० च्या आतला असेल तर सुरुवात तिथून करा. ४५ च्या आसपासचा किंवा वरचा असेल तर थेट प्रयोगशाळा.

मोटर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, म्हणजे पाइपातलं शिळं पाणी निघून जाईल. स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. गाव, विहीर की बोअर, खोली, तारीख, वेळ लिहून चिकटवा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा, कारण उबेत ठेवलेल्या बाटलीत जिवाणू नायट्रेटचं प्रमाण बदलून टाकतात. हौदातलं किंवा गाळणीतलं पाणी देऊ नका, विहिरीचं द्या.

वेळ महत्त्वाची. वर्षात दोन नमुने : एक मेमध्ये, दुसरा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पैसे एकाच नमुन्यापुरते असतील तर पावसाळ्यानंतरचा द्या, कारण पावसाळाभर मुरलेलं तोवर पाण्यापर्यंत आलेलं असतं. आणखी एक करता आलं तर बांधणीच्या डोसानंतर दोन-तीन पाण्याच्या पाळ्या झाल्या की द्या.

पायरी ७ : अहवाल वाचा

आधी बघा, आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधल्या नत्राचा. अहवालात 'नायट्रेट, नत्र स्वरूपात' असं असेल तर त्याला ४.४३ ने गुणा. नत्र स्वरूपातले ११ वाचून लोक निश्चिंत होतात, ते प्रत्यक्षात जवळपास ४९ असतात. बाजारातल्या कागदी पट्ट्यांवरही हीच गफलत होते, डब्यावरचं बारीक अक्षर वाचा.

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवतो, त्यावर नायट्रेट कळत नाही. टीडीएस ४०० दाखवतं म्हणून पाणी चांगलं, असं सांगत कुणी यंत्र विकायला आला तर ऐकू नका.

नायट्रेटबरोबर क्लोराइडही बघा. दोन्ही चढे असतील तर गोठा, उकिरडा किंवा शोषखड्ड्याचा संशय धरा, कारण मूत्रात मीठ असतं. नायट्रेट चढं आणि क्लोराइड साधारण, तर युरियाकडे बोट जातं. क्षारपड पट्ट्यात हा नियम चालत नाही, तिथे क्लोराइड आधीच वाढलेलं असतं. जंतूंची तपासणी वेगळी असते, तिची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या.

पायरी ८ : जास्त निघालं तर

आजचं काम पिण्याच्या पाण्याचं. तुरटी, टीसीएल (ब्लीचिंग पावडर), क्लोरीनचे थेंब, कॅन्डल फिल्टर, यूव्ही यांपैकी कशानेही नायट्रेट जात नाही. आरओने बऱ्यापैकी जातं, पण पडदा जुना झाला की कमी जातं, म्हणून आरओमधून निघालेलं पाणीही वर्षातून एकदा तपासा. त्याचं टाकाऊ पाणी विहिरीजवळ सोडू नका, त्यात नायट्रेट दाट झालेलं असतं. अंघोळ, कपडे, भांडी यांना विहिरीचं पाणी चालतं. आईने हे पाणी प्यायलं तरी अंगावरच्या दुधातून बाळाला नायट्रेट फारसं जात नाही, म्हणून सहा महिने फक्त अंगावर पाजणं हाच सगळ्यात सोपा बचाव. बाळ निळसर दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, तातडीने रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना विहिरीच्या पाण्याचं आवर्जून सांगा. यावर औषध आहे.

विहीर उपसून फायदा नाही. उपसलं तेवढं भोवतालचं तेच पाणी पुन्हा येतं. करायचं ते वर करायचं. उकिरड्याला पक्का तळ आणि वर छप्पर, गोठ्याच्या मुताला पाट काढून टाकी, आणि तीही विहिरीच्या उताराला. युरिया एकदम न टाकता वाटून, मातीआड करून टाकायचा, डोसानंतर रान तुडुंब भरायचं नाही. ठिबक असेल तर हे फार सोपं होतं. फरक पडायला वेळ लागतो. मुरमात आधीच उतरलेलं नायट्रेट पुढचे काही पावसाळे येत राहतं, म्हणून पुढच्याच वर्षीच्या अहवालात आकडा उतरला नाही तर केलेलं काम वाया गेलं असं समजू नका.

पायरी ९ : अंदाज आणि अहवाल शेजारी शेजारी ठेवा

वहीत लिहिलेला अंदाज आणि आलेला आकडा जुळला नाही, तर कारण शोधा. अंदाज कमी आणि अहवाल जास्त असेल तर बहुतेक वेळा चढाच्या बाजूचं काहीतरी नजरेतून सुटलेलं असतं : शेजाऱ्याचा जुना उकिरडा, बुजवलेला शोषखड्डा, साखर कारखान्याची मळी टाकलेलं रान. अंदाज जास्त आणि अहवाल कमी असेल तर नमुना कुठल्या महिन्यातला ते बघा, आणि दुसऱ्या ऋतूत पुन्हा द्या.

भावकीतल्या, शेजारच्या चार-पाच विहिरींचे अहवाल एकत्र आले की अंदाज झपाट्याने सुधारतो. खोली, पाण्याची पातळी, गोठ्याचं अंतर आणि नायट्रेट, एवढे चार रकाने पुरेत. कुठल्या बाजूने आकडा चढत जातो ते दिसलं की वस्तीची पिण्याची विहीर कुठली ठेवायची आणि शेतीची कुठली, हे बसून ठरवता येतं. पीक बदललं, गोठा वाढला, लिफ्टचं (उपसा सिंचनाचं) पाणी आलं किंवा शेजारी नवी बोअर पडली, की त्या वर्षी नमुना पुन्हा द्यायचा.